परळचा तहश

तहशाला शिंग एकच होतं, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. बाकी कशावरच नव्हतं.

मी तेव्हा नुकतीच प्राणिशास्त्रात बी.एस्सी. होऊन एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते. दिवसभर मुलांना बेडूक ट्रेमध्ये उताणा कसा टाचायचा ते दाखवायचं आणि संध्याकाळी परळच्या चाळीत परत यायचं. त्यामुळे अबाजीकाकांनी एके दिवशी विचारलं, "दिना, तहश म्हणजे नेमका कोणता प्राणी गं?" तेव्हा मला उत्तर येणं भाग होतं. ते आलं नाही.

अबाजीकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. घरात मराठी, शनिवारी शब्बाथ म्हणजे सक्तीची विश्रांती, आणि अष्टमी गावावरून आडनाव अष्टमकर. काका रेल्वेच्या वर्कशॉपातून फोरमन म्हणून निवृत्त झाले होते, पण त्यांचा खरा जीव कीर्तनात. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठीतून, साकी-दिंडी-पदांसकट, अंगात डगला, डोक्यावर टोपी, हातात चिपळ्या. आमच्यात ही पद्धत आजोबांच्या वेळेपासूनची. आजोबांनी काकांना शिकवलं, आणि काकांनंतर शिकणारं कुणी नव्हतं. तबला वाजवणारा हनोख आदल्याच वर्षी बोटीने इस्राएलला गेला. ऐकणारेही पातळ होत चालले होते. आदल्या पुरीमच्या, म्हणजे एस्तेर राणीच्या सणाच्या, कीर्तनात उत्तररंगाला काकांसमोर उरलो होतो मी, माझी आई आणि सतरंज्या गोळा करायला थांबलेला माणूस.

म्हणून आमच्या मंडळाचे सेक्रेटरी सिलोमन वाकरूळकर घरी येऊन सांगून गेले होते. सिलोमन काकांचे शाळेपासूनचे दोस्त. कस्टममध्ये होते. छत्री उन्हाळ्यातही हातात.

"अबाजी, स्पष्ट बोलतो. कमिटी म्हणते, कीर्तन बंद करून पुरीमला इंग्रजी व्याख्यान ठेवू. तरुण मंडळी येतील."

"आणि झोपतील."

"झोपतील, पण बसून झोपतील. तुझ्याकडे उठून जातात. मी तुझ्यासाठी भांडून एक वर्ष मागून घेतलंय. यंदा पटांगण भरलं पाहिजे आणि शेवटच्या प्रार्थनेपर्यंत बसलं पाहिजे. नाही तर पुढल्या वर्षीपासून चिपळ्या खुंटीला."

सिलोमन जिना उतरून गेले तेव्हा काका मला म्हणाले, "एस्तेरचं आख्यान लावलं तर त्यातल्या दुष्ट हामानचं नाव ऐकून पोरं पाय आपटतात आणि मग घरी जातात. माझी साकी कुणी ऐकत नाही. यंदा तहश लावतो."

म्हणून मग तो प्रश्न.

हकिकत अशी. सीनायच्या रानात मोशेने देवासाठी डेरा उभारला. मराठी पवित्र शास्त्रात त्याला निवासमंडप म्हणतात. त्यावर एकावर एक आच्छादनं होती: बकऱ्यांच्या केसांचं, तांबड्या रंगवलेल्या मेंढ्यांच्या कातड्यांचं, आणि सगळ्यांत वर तहशाच्या कातड्यांचं. तहश कोण, हे शास्त्र सांगत नाही. पुढे कुणी पाहिलेला नाही.

मी कॉलेजच्या लायब्ररीत दोन संध्याकाळी घालवून आले.

"समुद्रगाय असावी," मी म्हणाले. "तांबड्या समुद्रात असते. कातडं जाड, पाण्याला दाद न देणारं."

"तिला खवले?"

"नाहीत. सस्तन आहे ती."

"खूर?"

"मागचे पायच नाहीत, काका."

"म्हणजे आपल्याला खायला बाद. जी आपण ताटात घेत नाही ती देवाच्या डोक्यावर घालू? दुसरं सांग."

"काही जण बिज्जू म्हणतात."

काकांनी कानांवर हात ठेवले. "मढी उकरतो तो? माझं कीर्तन आहे की मयत?"

"मग जिराफ. त्याच्या अंगावर नक्षी असते. शिंगं दोन, पण नराला कपाळावर मधोमध एक उंचवटा असतो."

"उंचवटा!" काका उठून उभेच राहिले. "रब्बींनी शिंग म्हटलंय, शिंग! आणि ही देते उंचवटा!"

मग त्यांनी मला तालमूदातला, म्हणजे आमच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथातला, उतारा सांगितला. एका पाहुण्या रब्बींकडून, धर्मपंडितांकडून, त्यांनी तो समजून घेतला होता आणि तेव्हापासून तो त्यांच्या डोक्यात घोळत होता. रब्बी मेइर म्हणत, मोशेच्या काळातला तहश हा एक वेगळाच जीव होता. तो रानटी की गावठी हे विद्वानांना ठरवता आलं नाही. कपाळावर एक शिंग. तेवढ्या कामापुरता तो मोशेकडे आला, मोशेने डेरा केला, आणि तहश लपवला गेला.

"आणि ऐक," काका म्हणाले. "शास्त्राच्या अरामी भाषांतरात त्याला नाव दिलंय सासगोना. का? तर तो आपल्या नाना रंगांनी हर्षतो म्हणून. हर्षतो! स्वतःच्या अंगाकडे बघतो नि खूश होतो. असा प्राणी शिकवला का तुला कॉलेजात?"

"नाही."

"मग काय बेडूक टाचत बसतेस!"

खरं सांगायचं तर मला तो रानटी की गावठीचा मुद्दा जास्त खटकत होता. ज्याचं वर्गीकरण झालेलं नाही त्याच्याबद्दल एवढं ठामपणे कसं बोलायचं? मी तसं म्हटल्यावर काका हसले.

"आपलं वर्गीकरण झालं होतं का? कोकणात आपण तेल गाळायचो आणि शनिवारी घाणा बंद. गावाने नाव ठेवलं शनिवार-तेली. हिंदू म्हणावं तर देव्हारा नाही, मुसलमान म्हणावं तर नमाज नाही. ते ठरवत बसले. आपण तेल गाळत बसलो. विद्वानांचं ठरेना म्हणून देवाचं अडलं नाही, दिना. त्याने कातडं मागितलं, जन्मदाखला नाही."

हे ऐकून मी लायब्ररीतून आणलेलं पुस्तक दुसऱ्या दिवशी परत केलं.

आता प्रश्न तहश दाखवण्याचा. लोक बसले पाहिजेत तर काहीतरी दिसलं पाहिजे, असं गुणाजीचं मत. गुणाजी आमच्या शेजारच्या खोलीतला, मालवणकडचा, गिरणीत विणकर. हनोख गेल्यापासून काकांना ढोलकीची साथ तोच करायचा. गणपतीत लालबागच्या मंडळाचे देखावे करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"काकांनू, कागदाच्या लगद्याचा करून देतो. मान हलणारा. डोळ्यांत बल्ब."

काकांचे डोळे आधीच चमकले. पण सिलोमन तिथे बसले होते. "मूर्ती? आपल्यात? दहा आज्ञा पाठ आहेत ना?"

"आहेत. वर आकाशात, खाली पृथ्वीवर आणि पृथ्वीखालच्या पाण्यात जे काही आहे त्याची प्रतिमा करू नको." काकांनी बोट वर केलं. "आता सांग, तहश यातल्या कशात आहे? तो लपलाय! जो कुठेच नाही त्याची प्रतिमा करायला बंदी कुठेय?"

सिलोमननी छत्रीच्या दांड्यावर हनुवटी टेकून विचार केला. "लपला तो कुठेतरीच लपला ना? एकतर वर, नाहीतर खाली, नाहीतर पाण्यात."

काका हरले.

"मग जिवंतच आणू," गुणाजी म्हणाला.

शिवडीच्या बाजूला नंदीबैलवाल्यांची पालं पडली होती. त्यांतल्या बुधाजीच्या बैलाचं डावं शिंग गाडीखाली मोडलेलं होतं. उरलेलं उजवं आतल्या बाजूला वळून बरंचसं कपाळावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन बघायला गेले. बैल उभा होता. त्याची झूल लाल, हिरव्या, पिवळ्या चिंध्यांची, त्यावर कवड्या आणि बिल्लोरी आरसे.

मी समोरून पाहिलं. "काका, हे मधोमध नाही. उजवीकडे आहे."

"समोरून बघू नकोस. इथून बघ." त्यांनी मला खांद्याला धरून बाजूला नेलं. "आता?"

आता मधोमध होतं.

"चावतो का?" काकांनी विचारलं.

"चावत न्हाई," बुधाजी म्हणाला. "हार खातो. फुलांचा बगितला की ऱ्हावत न्हाई त्येला."

त्या वर्षी, म्हणजे सत्तावन्न साली, पुरीम आणि होळी लागून आले होते. आमचे जुने लोक पुरीमला होळीचा सणच म्हणत. त्यातच निवडणुकीचे निकाल लागले होते. संयुक्त महाराष्ट्र समितीचे उमेदवार निवडून आले होते आणि परळपासून लालबागपर्यंत रस्त्याचा रंग गुलाबी झाला होता. धुळवड आदल्या दिवशी झालेली. अशा रविवारी संध्याकाळी आमच्या चाळीच्या पटांगणात काका उभे राहिले. सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनामंदिरात, दुरुस्तीचं काम चालू होतं म्हणून कीर्तन चाळीत. पुढच्या रांगांत आमचे लोक, माझगावहून, जेकब सर्कलहून आलेले. मागे सगळी चाळ. गॅलऱ्या गच्च. मधल्या खुर्चीत अध्यक्ष म्हणून सिलोमन, गळ्यात झेंडूचा जाडजूड हार, मांडीवर छत्री. काकांना ते दिसत होते, आणि ते काकांना.

पूर्वरंग छान झाला. देव लपतो कसा, हा विषय. एस्तेरच्या ग्रंथात देवाचं नाव एकदाही येत नाही, हे काकांनी असं सांगितलं की मागून कुणीतरी "आईशप्पत?" असं मोठ्याने म्हणालं. पण पुढे बसलेल्या दोन-तीन तरुणांनी घड्याळ पाहिलं. काकांनीही ते पाहिलं. त्यांनी गुणाजीला खूण केली आणि पद धरलं:

"रानचा का गावचा, कुणी सांगा हो,
एक शिंग भाळी त्याच्या, नाना रंग हो!
देवाचिया मंडपा तो आला धावून..."

आणि जिन्याखालून बुधाजी बैल घेऊन आला.

पटांगणातून जो आवाज उठला तो मी आजवर कुठल्याही कीर्तनात ऐकलेला नाही. पोरं बाकांवर चढली. घड्याळ पाहणारे तरुण उभे राहून बघत होते. काकांच्या कपाळावर घाम आणि तोंडावर असं हसू की टोपी तिरपी झालीय हेही त्यांना कळेना.

"आता मी याला विचारतो," काका म्हणाले. "बा तहशा, तू रानटी की गावठी?"

बुधाजीने ढोलकं घासलं, गुबू गुबू गुबू. बैलाने होय अशी मान हलवली.

"दोन्ही म्हणतोय!" गॅलरीतून कुणीतरी ओरडलं.

इथे गुणाजीला राहवलं नाही. कीर्तनात साथीदाराने बोलायचं नसतं. पण त्याने ढोलकी बाजूला ठेवून विचारलं, "आणि मुंबई म्हाराष्ट्राक मिळतली काय नाय, ता सांग!"

गुबू गुबू गुबू. मान पुन्हा होय.

ढोलकं वाजलं की मान हलते, एवढीच ती गोष्ट होती. मला त्यामागचं कारण नीट सांगता आलं असतं. कुणी विचारलं नाही. "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" या आरोळीने गॅलरीचे कठडे थरथरले, वरून गुलालाच्या मुठी आल्या आणि पुढच्या रांगांतले आमचे पांढरे सदरे गुलाबी झाले. सिलोमनसुद्धा. ते रुमालाने चष्मा पुसत होते. अजून बसलेले होते.

आणि तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या कमळाबाई ताट घेऊन खाली आल्या.

दारात नंदी आला की त्याच्या पायांवर पाणी घालायचं, हळदकुंकू लावायचं, हात जोडायचे. कमळाबाई हे जन्मभर करत आल्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, गर्दीतून वाट काढली, बैलाच्या खुरांवर तांब्या ओतला आणि वाकल्या.

सिलोमन ताडकन उठले. छत्री खाली पडली.

"अबाजी! सोन्याचं वासरू!"

आमच्यातल्या प्रत्येकाला ती गोष्ट माहीत होती. मोशे डोंगरावर असताना खाली लोकांनी वासरू करून पुजलं, आणि काय अनर्थ झाला. डेऱ्याचं बांधकाम त्याच्यानंतरचं. आणि आता डेऱ्याच्या आख्यानात, भर पुरीमला, आमच्या कीर्तनात, बैलाची पूजा.

"मी चाललो," सिलोमन म्हणाले. "जे आपले आहेत त्यांनी उठावं." पुढच्या रांगेत खुर्च्या सरकल्या. एक म्हातारे गृहस्थ उठलेही.

मला वाटलं, संपलं. पुढच्या रांगा उठल्या की कीर्तन संपलं. यंदाचं नव्हे, कायमचं.

काकांनी चिपळ्या एकदाच वाजवल्या.

"कमळाबाई, थांबा."

कमळाबाई कुंकवाचं बोट हवेत धरून थांबल्या.

"तुमच्या दारात तुम्ही नंदीला पुजा. मी आड येणार नाही. पण कीर्तन संपेपर्यंत हा माझा पाहुणा, आणि पाहुण्याचं नाव तहश. तहशाला कुणी हात जोडत नव्हतं. हात जोडायचे ते डेऱ्यात जो होता त्याला. हा बिचारा वर राहून ऊन खात होता, धूळ खात होता. सगळ्यांत सुंदर कातडं, आणि ते बाहेर. कुणी पुजावं म्हणून नव्हे. आत जो आहे तो भिजू नये म्हणून."

"ते सगळं खरं," कमळाबाई म्हणाल्या, "पण ताटात घेतलेलं कुंकू परत न्यायचं नसतं, अबाजीभावजी. आता काय करू?"

मला काकांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. नाही म्हणावं तर शेजार दुखावतो. हो म्हणावं तर सिलोमन जातात. त्यांनी बैलाकडे पाहिलं. बैलाच्या पाठीवर गुलाल सांडला होता, आणि झुलीखालून एवढासा पांढरा भाग दिसत होता.

"रंग म्हणून लावा!" काका एकदम ओरडले. "पूजा नको, रंग! तो नाना रंगांनी हर्षतो, आणि याच्याकडे रंग कमी आहेत! लावा!"

"पाया नको पडू?"

"नको."

"मनातल्या मनात पडले तर?"

"मनातलं मला दिसत नाही. सिलोमनलाही दिसत नाही."

हशा पिकला. उठलेले म्हातारे गृहस्थ हसत हसत परत बसले. कमळाबाईंनी बैलाच्या पाठीवर कुंकवाचा पंजा उमटवला, देवाला लावतात तसा टिळा नव्हे, चांगला पाच बोटांचा पंजा. शेजारी हळदीचा.

तळमजल्यावरच्या सुंदराबाई कडेला उभ्या होत्या. "आम्ही दादरला दीक्षा घेतली तवापासून बैलापुढं वाकणं सोडलं," त्या म्हणाल्या. "पण नुसता रंगच असंल तर माझा निळा लावते." त्यांनी घरातून कपड्यांच्या निळीची डबी आणली आणि बैलाची पुढची उजवी बाजू आभाळासारखी केली. मग कुणी थांबेना. माझ्या आईने हिरवा आणला, कालच्या धुळवडीतला. गिरणीतल्या रंगखात्यात काम करणाऱ्या एकाने नारिंगी. मी बैलाच्या तोंडाजवळ उभी राहून "डोळ्यांत जाऊ देऊ नका! कानांत नको!" असं ओरडत होते. प्राणिशास्त्राच्या पदवीचा तेवढाच उपयोग झाला.

फक्त सिलोमन उभे होते. बसलेले नाहीत, गेलेले नाहीत. काका त्यांच्याकडे बघत होते आणि ते काकांकडे. तेवढ्यात बैल पुढे झाला, त्याने सिलोमनच्या छातीपाशी तोंड नेलं आणि झेंडूचा हार ओढून शांतपणे खायला लागला.

अर्धा हार बैलाच्या तोंडात, अर्धा सिलोमनच्या मानेत. सिलोमन हलू शकत नव्हते. त्यांनी मान वाकडी करून बैलाच्या डोळ्यांत पाहिलं. मग त्यांच्या पोटातून काहीतरी वर यायला लागलं. आधी वाटलं खोकला आहे. पण ते हसत होते. खांदे गदगदत होते, चष्मा नाकावरून घसरला होता.

"अबाजी," ते कसेबसे म्हणाले, "हा... हा मला... मुळासकट..."

"बैस, सिलोमन."

"कसा बसू! सोडायला सांग त्याला!"

हार संपला तेव्हा सिलोमन खुर्चीत कोसळले आणि डोळे पुसत राहिले.

आता एक निरीक्षण नोंदवते. प्राण्याला आनंद झाला असं लिहिलं की आमचे सर तांबड्या शाईने खोडायचे. म्हणून मी फक्त पाहिलं तेवढं सांगते. बैलाने मान वळवून आपल्या डाव्या अंगाकडे पाहिलं. मग दुसरीकडे वळवून उजव्या अंगाकडे पाहिलं. मग शेपटी उभारली आणि चारी पाय एकदम जमिनीवरून उचलले.

काका मागे सरले आणि उत्तररंगात शिरले. आख्यानात डेऱ्याचे खांब उभे राहायला लागले, पडद्यांच्या कड्या अडकायला लागल्या. पटांगण बसलं होतं. सगळं पटांगण. काकांचा आवाज इतका मोकळा मी लहानपणी ऐकला असेन, नंतर नाही. प्रार्थनेला थोडंच अंतर उरलं होतं.

आणि रस्त्यावरून समितीची विजयाची मिरवणूक आली. ढोल-ताशे, तुताऱ्या, चाळीच्या तोंडाशी.

नंदीबैल जन्मभर ढोलक्यामागे चालतो. याने एवढा मोठा ढोल कधी ऐकला नसावा. त्याने कान टवकारले आणि निघाला. बुधाजीच्या हातातून दोर सुटला.

"अरे, धरा!" काका ओरडले. "डेरा व्हायचाय अजून! छप्पर बाकी आहे!"

कुणी धरला नाही. बैल पुढे, त्याच्यामागे पोरं, पोरांमागे कमळाबाई, मग सुंदराबाई, मग सगळी चाळ, आणि मग आमच्या पुढच्या रांगासुद्धा, माझगावच्या बायका साड्या सावरत, घड्याळवाले तरुण सगळ्यांच्या पुढे. क्षणात सतरंज्या रिकाम्या. काका चिपळ्या हातात धरून उभे. एकच खुर्ची भरलेली, सिलोमनची.

"कुणी बसलं नाही, अबाजी," सिलोमन म्हणाले.

"नाही बसलं."

"अट बसण्याची होती."

काकांनी एक क्षण रिकाम्या पटांगणाकडे पाहिलं. मग टोपी घट्ट बसवली आणि पळाले. साठीच्या पुढचा माणूस, डगल्यात, चिपळ्या वाजवत, ओरडत, "आणि त्यावर तांबड्या रंगवलेल्या मेंढ्यांची कातडी, आणि त्यावर..." गुणाजी ढोलकी गळ्यात अडकवून त्यांच्यामागे. मी गुणाजीच्या मागे.

लालबागच्या नाक्यावर काका एका हातगाडीवर चढले आणि डेऱ्याचं छप्पर तिथे घातलं. मिरवणूक अडकली. ताशेवाल्यांना कळेना हे कोणत्या उमेदवाराचं, पण ठेका बसत होता म्हणून त्यांनी धरला. "काम होता गेला कुठे?" काका विचारत, आणि अख्खा नाका हात वर करून सांगे, "गेला लपून!" शेवटी काकांनी हिब्रूत प्रार्थना म्हटली. ती संपेपर्यंत नाक्यावर एकही माणूस हलला नाही. आमचे लोक आमेन म्हणाले. मग ताशेवालेही म्हणाले, सगळे म्हणत होते म्हणून.

बैल गर्दीत कुठेच दिसत नव्हता. बुधाजी विडी पेटवत होता. "यील," तो म्हणाला. "पोट भरलंय आज. सावकाश यील."

मागे वळून पाहिलं तर सिलोमन उभे होते. डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी, गळ्यात हाराचा नुसता दोरा, आणि हातातल्या छत्रीने ठेका अजून चालू. काका हातगाडीवरून खाली उतरले. दोघेही धापा टाकत होते.

"बसले नाहीत," काका म्हणाले. "हलले मात्र नाहीत. आता तू काय लिहिशील ते लिही कमिटीला."

सिलोमननी छत्री थांबवली. मग त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी दिसली, सेक्रेटरीची काळजी, जागा आणि बंदोबस्ताची.

"पुढल्या पुरीमला कोण आणणार आहेस?"

"लिव्याथान," काका क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "जगाच्या शेवटल्या दिवशी त्याच्या कातड्याचाही मंडप होणार आहे."

"तो शास्त्रातला समुद्रातला राक्षस? केवढा असतो तो?"

दोघेही माझ्याकडे वळले. मी शास्त्राची पदवीधर. मी मनात अंदाज केला, आमचं पटांगण डोळ्यांसमोर आणलं, मग नाका, मग सगळं परळ.

"माझगावची गोदी मागावी लागेल," मी म्हणाले.

"अर्ज आत्ताच करून ठेवतो," सिलोमन म्हणाले.